कापाच्या रेषेत उभं राहू नये

शेजाऱ्याच्या मुलाला फोनवर हसत हसत "तुझे बाबा भुताशी बोलतात रे" असं सांगणारी बाई मूर्ख असते. ती बाई मी. तेव्हा मी नुकतीच साठी ओलांडलेली, म्हणजे अगदीच कोवळी. अक्कलदाढ पडून गेली होती आणि अक्कल यायची होती. चटकदार गोष्ट जिभेवर आली की कधीकधी ती गिळायची असते, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पण गोष्ट चटकदार होती, हे तुम्हीही कबूल कराल. मोशीच्या आमच्या सोसायटीत माझ्या भिंतीपलीकडे सोनटक्के राहतात. मूळचे परभणीकडचे. हयात चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी खात्यात गेली. निवृत्तीनंतर लोक भजनीमंडळ धरतात, यांनी गोधडी धरली. तीसुद्धा कात्रीनं नाही, गोल पात्यानं. पिझ्झा कापायचं चाक असतं ना, तसलंच ते, फक्त धार वस्तऱ्याची. लुगड्याच्या चार घड्या एका दमात कापतं, आणि मध्ये बोट आलं तर त्याचाही मुलाहिजा ठेवत नाही. म्हणून सोनटक्के गोधडीच्या कामाला कंपनीचे पोलादी टोकाचे बूट घालतात. पातं हातातून निसटलं तर पायावर पडतं म्हणे.

मी हौसेनं शिकायला गेले, तर आधी हजेरी.

"ताई, बोटं दाखवा."

"ती कशाला?"

"जाताना तेवढीच न्यायची हायेत."

पट्टी धरायची ती हात कोळ्यासारखा पसरून, कडेबाहेर एक नख येता कामा नये. पातं आपल्यापासून दूर ढकलायचं, आपल्याकडे ओढायचं नाही. काप संपला की आधी पातं झाकायचं, मग श्वास सोडायचा. पातं बोथट झालं की लगेच बदलायचं. "बोथट पातं आन् रागावलेली बायको, दोघांपुढं जोर लावायचा न्हाई. घसरतंय." जुनी पाती चिकटपट्टीत गुंडाळून कॉफीच्या डब्यात. मी म्हटलं, टाका की कचऱ्यात! तर म्हणाले, "कचरेवालीला हातमोजे कोण देतंय?"

एकदा मी पातं उघडंच टेबलावर ठेवून चष्मा शोधायला लागले. सोनटक्क्यांनी ते झाकलं, पंखा बंद केला, दिवा बंद केला.

"काम बंद."

"अहो, एवढ्यासाठी?"

"ज्याला दिसत न्हाई तो उघडं ठेवतोय, आन् ज्याला दिसतंय त्याचं बोट जातंय. उद्या या."

इथवर सगळं हसण्यासारखं. पण प्रत्येक कापाआधी सोनटक्के मान वर करत, टेबलाच्या समोरच्या बाजूला बघत आणि हळूच म्हणत, "सरक जरा."

समोर कुणी नसे.

तरी ते थांबत. गुडघे दुखणारं माणूस जसं सावकाश सरकतं, तशी त्यांची नजर सावकाश डावीकडे जाई, तिथे ठरे. मग खर्रर्र! पातं त्या बाजूच्या कडेपर्यंत धावे. पहिल्यांदा मी तिकडे वळून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहायचं धाडस झालं नाही. दुपारी माझ्या घरातही भिंतीतून ऐकू यायचं: "सरक जरा." पुढे शांतता. त्या शांततेत मी स्वयंपाकघरात श्वास धरून उभी आहे, हे मला उशिरा कळायचं.

एके दिवशी वीज गेली होती, पंखा नव्हता, खिडक्या बंद. टेबलावर लुगडं अंथरलेलं. आमच्या बाजूनं सोनटक्क्यांनी धरलेलं होतं, समोरच्या बाजूनं कुणीच नाही. पण कापड सैल पडलं नव्हतं. दोन हातांनी ओढून धरावं तसं ताठ, एक सुरकुती नाही. मी घरी आले आणि दहाही बोटं मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्यांची बायको सुमन निघोज्याच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं कापायची. पातं तिचंच. सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून गोधडी करत. ती समोरून कापड ताणून धरायची, हे कापायचे, आणि पातं निघालं की तिनं रेषेतून बाजूला व्हायचं. मी इथे राहायला आले तोवर तिचा फोटो झाला होता.

तर मी अमोलला, म्हणजे त्यांच्या बेंगलोरच्या मुलाला, हे सगळं नकलेसकट ऐकवलं. तो हसला नाही. त्याच आठवड्यात सोनटक्के बूट घालूनच माझ्या दारात.

"ताई, अमोल घेऊन जायला यायलाय. घराला कुलूप लावायचं म्हणतोय. त्याला कुणी काय सांगितलं कुणास ठाऊक."

चोमड्या बाईची जीभ नको तेव्हा सभ्य होते. मी त्यांना चहा विचारला.

"म्या जाईन हो. पण ती यायची न्हाई. दवाखान्यात 'घरी न्या, घरी न्या' एवढंच म्हणायली. वेळेवर आनलं न्हाई म्या. आता ती घरी हाय, तर तिला आत ठेवून भाईरून कुलूप लावू?"

अमोल आला त्या दुपारी मी त्यांच्या घरात घुसले. चपला दारात काढल्या, पदर खोचला आणि टेबलाच्या समोरच्या बाजूला जाऊन कापड ताणून धरलं.

"काकू, तुम्ही?" अमोल म्हणाला.

"रोजच येते मी धरायला. फोनवर गंमत केली रे तुझी. तुझे बाबा माझ्याशीच बोलत असतात."

बोलले खरी, पण लक्ष पायांकडे गेलं. सगळी फरशी गार होती. मी उभी होते तेवढीच कोमट. त्या खोलीत ऊन येत नाही.

सोनटक्क्यांनी पातं उघडलं. हात थरथरत होता, आणि थरथरत्या हातात उघडं पातं म्हणजे काय हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे.

"सरक जरा."

मी सरकले. अमोलनं सुस्कारा सोडला. पण सोनटक्के थांबूनच होते. त्यांची नजर माझ्यामागून सावकाश आणखी थोडी डावीकडे गेली, ठरली. हाताची थरथर गेली. खर्रर्र! दोरी धरावी असा सरळ काप. पातं झाकलं, श्वास सोडला.

"काकू, तुम्ही पण ना!" अमोल हसला. "मी उगाच रजा काढून आलो." दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला.

त्याला बसमध्ये बसवून सोनटक्के माझ्या दाराशी आले. म्हणाले, "ताई, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. फकस्त उद्या आलात की जरा कडंला उभ्या ऱ्हा. काल तुमी तिच्या पायावर उभ्या होता. ती भिडस्त हाय, बोलायची न्हाई."