लाल ट्रॅक्टर की हिरवा?

"लाँचचं असो नाहीतर गवत कापायचं, मशीन म्हणजे मशीन! एक फेरी मारू दे, लगेच नाडी सांगतो!" बदरुद्दीन मुकादम साहेबासमोर छाती काढून म्हणाला आणि तिथेच फसला.

बदरुद्दीन मूळचा हर्णैचा. सन साठ-बासष्टच्या सुमाराला तो दुबईत एका इंग्रज कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. तेव्हा दुबईत डांबरी रस्ता बघायलाही लोक जायचे, मग हिरवळीचं तर बोलायलाच नको! पण त्याच्या हॉलिससाहेबाच्या बंगल्यामागे खरोखरीची हिरवळ होती. मॅडमनं ती पोरासारखी वाढवली होती. न्हाणीघराचं पाणी तिला, धुण्याचं पाणी तिला. त्यामुळे गवताला मंद साबणाचा वास यायचा. आकार म्हणाल तर बॅडमिंटनच्या कोर्टाएवढा.

तेवढ्यासाठी साहेबानं गवत कापायचा ट्रॅक्टर मागवला! विलायतेतल्या त्याच्या घरी म्हणे असाच होता. बहारीनच्या व्यापाऱ्यानं दोन मॉडेल ट्रायलला पाठवली. लाल छोटा, इंजिन पाठीमागे. हिरवा दांडगा, पातं पोटाखाली.

"मुकादम, आम्ही चाललो बहारीनला. दोन्ही चालवून बघ. चांगला तो ठेवू, दुसरा परत. काम नीट झालं, तर स्टोअरमागचं फॅमिली क्वार्टर तुझं!"

फॅमिली क्वार्टर! म्हणजे जुलेखाला हर्णैहून आणता येणार! बदरुद्दीनच्या कानात तिच्या बांगड्या वाजायला लागल्या.

साहेबाची गाडी नजरेआड होताच तो लाल ट्रॅक्टरवर चढला. मदतीला कंपनीच्या लॉरीचा ड्रायव्हर, गाववाला रफिक आणि बंगल्याचा खानसामा जमालचाचा.

"बदरुभाई, सगळं गवत लालनंच कापलं, तर हिरवा काय कापणार? वाळू?" रफिकनं विचारलं.

मुद्दा बिनतोड होता! हिरवळीच्या मधोमध दोरी ताणली. डावी बाजू लालला, उजवी हिरव्याला. यल्ला! लाल फटफटत निघाला. गवत असं कापलं गेलं, जशी नव्या नवरदेवाची हजामत! मग हिरवा गुरगुरत आला. त्यानंही झकास कापलं, पण बोटभर जास्त खोल.

"हिरवा जिंकला!" जमालचाचा ओरडले.

"जिंकला कसला! त्याचं पातं खाली होतं," रफिक तापला. "लालचं पण खाली करा, मग बोला!"

बदरुद्दीनला ते पटलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. क्वार्टर राहिलं बाजूला, आता डोक्यात एकच किडा वळवळत होता: चांगला कुठला? त्यानं लालच्या पात्याचा दांडा एक खाच खाली ओढला. आता डावी बाजू उजवीपेक्षा आखूड झाली.

"ये तो चीटिंग है!" जमालचाचांनी फडकं आपटलं. "हिरव्याला पण एक चान्स!"

हिरव्याला चान्स मिळाला. मग लालला. दोन्ही बाजू आलटून पालटून बुटक्या होत गेल्या. एव्हाना इंजिनांचा आवाज ऐकून कुंपणावर गर्दी जमली होती. खाडीवरचे हमाल आले, शेजारच्या अहमदशेठचं अख्खं घर आलं. गर्दीचे सरळ दोन पक्ष पडले. "अहमर! अहमर!" म्हणून लालवाले ओरडायचे, "अखदर!" म्हणून हिरवेवाले.

"हबीबी," अहमदशेठ कुंपणावरून म्हणाले, "डावीकडे साबणाचं पाणी जास्त पडतं. तिथलं गवत मऊ. बाजू बदला!"

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! बदरुद्दीननं शेठना सलाम ठोकला आणि बाजू बदलल्या. दोन्ही दांडे अगदी तळाला. रफिक लालवर, बदरुद्दीन हिरव्यावर, दोघे एकदमच सुटले! कोपऱ्यावर हिरवा वळता वळेना. चाकांनी मुळासकट गवत उपटलं. लाल त्याच्यामागून घुसला. गर्दी किंचाळत होती, धुरळा उडत होता...

धुरळा?

बदरुद्दीननं इंजिन बंद केलं. धुरळा खाली बसला. बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी वाळू होती. मधे दोरी तेवढी हिरवी, तीसुद्धा गवताच्या रसानं.

"खलास," जमालचाचा हळूच म्हणाले आणि स्वयंपाकघरात पळाले.

गर्दी अशी पांगली, जणू कधी जमलीच नव्हती. रफिकला एकाएकी लॉरीच्या टायरात हवा भरायची आठवण झाली. बदरुद्दीननं झारी घेतली आणि वाळूवर पाणी घालत सुटला. उद्यापर्यंत निदान गवताचं एक पातं तरी, इन्शाल्ला!

कुठलं पातं! दुसऱ्या दिवशी साहेब आणि मॅडम परतले. मॅडम मागच्या दारात आली. तिच्या हातून छत्री पडली. ओंजळभर वाळू उचलून तिनं हुंगली. साबणाचा वास तेवढा होता. मग डोळे पुसत ती आत गेली. बदरुद्दीनला वाटलं, याच्यापेक्षा तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मुकादम," साहेबाचा आवाज बर्फासारखा थंड होता. "व्हेअर इज माय लॉन?"

"सर, ट्रायलमध्ये गेलं."

"सगळं?"

"सर, ट्रायल फेअर पाहिजे ना!"

साहेबानं दोन्ही ट्रॅक्टरांकडे पाहिलं. मग बदरुद्दीनकडे. "रोज संध्याकाळी तू इथे पाणी घालायचं. गवत पूर्ण उगवेपर्यंत क्वार्टर नाही. समजलं?"

"यस सर."

साहेब जायला वळला, पण पाय निघेना. शेवटी तोही माणूसच! आजूबाजूला पाहत त्यानं आवाज खाली केला.

"बट टेल मी... चांगला कुठला?"

बदरुद्दीनच्या डोळ्यांपुढे जुलेखा आली, क्वार्टर आलं. इथे कुठलाही एक रंग सांगून टाकला असता तर विषय मिटला असता. पण त्यानं डोकं खाजवलं आणि खरं तेच बोलला.

"नक्की सांगता येत नाही, सर. गवत उगवलं की आणखी एक ट्रायल घ्यावी लागेल!"