सतरावा घाणा

उजेड

"इथला डबा कुठे गेला?"

"दिला." केदारने पेपरातून डोकं काढलं नाही.

"कुणाला?"

"ज्यांचा होता त्यांना. खालच्या कांताबाईंना. दिवाळीच्या फराळाचा डबा तुळशीचं लग्न आलं तरी आपल्याकडेच. त्या जिन्यात दिसल्या की मला तोंड चुकवावं लागायचं."

"अरे, पण तो रिकामा नव्हता!"

"म्हणूनच दिला. रिकामा असता तर थांबलो असतो."

शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा एक नियम केदार मोडकने शनिवार पेठेतून वाघोलीत राहायला येताना सोबत आणला होता. त्याने डबा उचलला, कानापाशी हलवून पाहिला, आत काहीतरी सरकलं. नियम पाळला गेला. आपल्या बायकोने दुसऱ्याला काय दिलंय ते झाकण उघडून बघणं त्याला शोभलं नसतं.

डब्यात डॉ. वासंती मोडक यांची दोन वर्षं होती.

दिसायला ती फिकट हिरवट पांढरी पूड. युरोपियम आणि डिस्प्रोसियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं चिमटीत मावतील एवढी घालून भट्टीत भाजलेली. उजेडात ठेवली की ती उजेड पिऊन घ्यायची आणि अंधारात तो परत करायची. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेला वासंतीबाई घाणा म्हणत. सोळा घाणे अर्ध्या तासात मालवले होते. सतरावा पहाटेपर्यंत उजळत राहिला. तो तसाच पुन्हा का जमत नाही, हे फक्त भट्टीला माहीत होतं.

उद्या सकाळी हा सतरावा घाणा हिंजवडीच्या एका आयटी कंपनीला दाखवायचा होता. त्यांना नव्या इमारतीच्या जिन्यांत बाण हवे होते. वीज गेली, आग लागली, तरी बाहेरची वाट दाखवणारे. कंपनी हो म्हणाली तर प्रकल्प चालू. नाही म्हणाली तर भट्टी सिमेंटवाल्या विभागाकडे. सिमेंटवाले टेप घेऊन येऊन तिची लांबी-रुंदी मोजूनही गेले होते.

आता एवढी मोलाची वस्तू स्वयंपाकाच्या ओट्यावर कशी आली? त्याचं उत्तर सरळ आहे. प्रयोगशाळा संध्याकाळी सहाला बंद होते आणि अंधार त्यानंतर पडतो. त्यामुळे अंधाराचं सगळं संशोधन वासंतीबाई घरी, न्हाणीघराचं दार लावून करत. परवा काचेच्या बरणीला तडा गेला आणि हाताशी जो डबा होता त्यात पूड ओतली.

हे सगळं त्यांनी केदारला दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य त्या जिन्यात बोलल्या, पण ते ऐकायला तिथे कुणी नव्हतं, हे बरं झालं.

उजेड, खालच्या अंगणात

कांताबाई तुळशीवृंदावनासमोर मांडी घालून कमळाची शेवटची पाकळी ओढत होत्या. रांगोळी अंगणभर पसरली होती. वर चेअरमन रंगरावांनी नवे हॅलोजन लावले होते.

"कांताबाई, ही रांगोळी..."

"तुमचीच की! केदारभाऊंनी दिली. हाताला लई झ्याक लागती. जरा फिक्कट वाटली म्हनून माझी गुलाबी मिसळली. बरं केलं न्हवं?"

"ती रांगोळी नाहीये. ती मला परत हवी आहे."

कांताबाईंचा हात थांबला. "दिलेली वस्तू परत? तुमच्या पेठेत आसंल तशी रीत."

"अहो, चुकून दिली."

"आसू द्या. लगीन लागूस्तवर न्हाई मिळायची. नवरी उभी राहिल्यावर पाटाखालची रांगोळी कुनी वढतं व्हय?"

"निदान माझी कुठली आणि तुमची कुठली ते तरी सांगा."

"कमळात तुमची. का वेलीत? ते काय आता म्हाईत?"

वासंतीबाई ओणव्या होऊन बघत राहिल्या. हॅलोजनखाली कमळ आणि वेल सारखेच गुलाबी दिसत होते. तेवढ्यात त्यांचे सहकारी डॉ. श्रीधर केतकर स्कूटर लावून आले. नमुना आज आपल्याकडे सुरक्षित ठेवावा म्हणून ते मुद्दाम आले होते. त्यांनी अंगण पाहिलं, वासंतीबाईंचा चेहरा पाहिला आणि हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं.

"श्रीधर, पळू नका. अंधार केला की आपली पूड आपोआप कळेल. तेवढीच पोस्टकार्डाने भरायची. सातला लोडशेडिंग आहेच."

सात वाजले. वीज गेली नाही.

अजूनही उजेड

"हॅलो, वीज कंपनी? वाघोलीतून बोलतोय. तक्रार आहे... लाईट आहे... हो, आहे. तीच तक्रार आहे... अहो, सातला जायची होती. आम्ही तुमच्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून कामं काढतो... सण आहे म्हणून? मग गेल्या वर्षी सणालाच बरी गेली होती... कधी जाईल ते तरी सांगाल?... नाही, प्यायलेलो नाही. मी मूळचा शनिवार पेठेतला... त्याचा संबंध नाही कसा?... केदार मोडक. मोदक नाही, मोडक... हॅलो?"

केदारने फोन ठेवला. "ते म्हणतात, वीज घालवण्याची तक्रार नोंदवायची सोय नाही."

दिवे घालवा म्हणून रंगरावांना विचारून झालं. ते माईक हातात घेऊनच म्हणाले, "वैनी, शूटिंग चालू आहे. अंधारात लगीन लावलं तर व्हिडिओत काय दिसंल?" त्यांचा हा प्रश्न सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

वासंतीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मंगलाष्टकं पूर्ण होऊ दिली, स्वतः अक्षता टाकल्या, ऊस आणि बोरं हातात घेतली. मग त्या शांतपणे मीटरच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

अंधार

रांगोळी उजळली.

कमळ हिरवं, वेल हिरवी, वेलीवरचे मोर हिरवे.  मग रंगराव पायातली चप्पल काढत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जागृत हाय," आणि माईक बंद असूनही ते शेवटच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

वासंतीबाई पोस्टकार्ड घेऊन धावत आल्या तेव्हा रांगोळीपर्यंत पोचायला जागा नव्हती. सगळी सोसायटी हात जोडून उभी होती. कुणीतरी चिमूट उचलून कपाळाला लावली. त्याचं कपाळ उजळलं. मग काय विचारता! पुढच्या क्षणी प्रत्येकाच्या हातात कागदाची पुडी होती.

"अंगारा न्या, पन वळीनं!" कांताबाईंनी ताबा घेतला. "एकेकाला एकच चिमूट!"

"खाऊ नका कुणी!" वासंतीबाई ओरडल्या. "लावा फक्त! त्यात स्ट्राँशियम आहे!"

"ते कुठलं दैवत?" मागून कुणीतरी विचारलं.

"कांताबाई, हा चमत्कार नाही. मी केलंय हे. भट्टीत."

"आसंल. पन तुमच्या घरात ते कवा आसं चमकलं का?"

"रोज चमकतं. न्हाणीघरात."

कांताबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचं शास्त्रीय स्पष्टीकरण वासंतीबाईंनी गिळलं. वाद घालून पूड मिळणार नव्हती. आणि प्रत्येक वाक्याला एक चिमूट कमी होत होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे श्रीधर. त्यांच्यामागे केदार, ज्याला जन्मात कुठल्या रांगेत कुणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या फेरीला तिघांना तीन चिमटी मिळाल्या. दुसऱ्या फेरीला कांताबाईंनी हात आडवा घातला.

"मगाशी घेतला की तुमी."

"हा सासूबाईंसाठी."

तिसऱ्या फेरीला श्रीधर हेल्मेट घालून आले. काचेआडून त्यांचं मघाशी चिमूट लावलेलं कपाळ हिरवं चमकत होतं.

"आन् ह्यो कोन?"

"मी... लांबून आलोय."

"सायेब, तोंड झाकलंय, टिळा न्हाई झाकला." मागे हशा पिकला.

वासंतीबाईंनी श्रीधरना बाजूला केलं आणि त्या कांताबाईंसमोर खाली, फरशीवरच बसल्या.

"कांताबाई, खरं सांगते. हे उद्या एका ठिकाणी दाखवायचंय. दाखवलं नाही तर माझी भट्टी काढून नेतील. दोन वर्षं त्या भट्टीपाशी उभी आहे मी. पुन्हा मिळायची नाही."

"कोन नेतंय?"

"शेजारचा विभाग. सिमेंटवाले."

"म्हंजी तुमची चूल उचलून शेजारी नेनार?"

"तसंच म्हणा."

"मापं घेऊन गेलं का?"

"गेले."

कांताबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला. "आवो मग हे आधी सांगायचं! मगापासून काय ते भाषन लावलंय!" आणि त्या वळल्या. "ए! काढा पुड्या! समदे! बाईची चूल चाललीया आन् तुमी हितं टिळं लावून फिरताय? रंगराव, खिशातली बी काढा. दुसऱ्या खिशातली."

रंगरावांनी दुसऱ्या खिशातलीही काढली.

पुड्या परत आल्या. कुणाच्या पुडीत हळद, कुणाच्या कुंकू, बहुतेकांच्या अक्षता. श्रीधर आणि केदार चाळण घेऊन बसले. श्रीधर दर थोड्या वेळाने म्हणत, "बाई, शुद्धतेचं काय?" आणि वासंतीबाई म्हणत, "चाळा."

उजेड, फारच उजेड

हिंजवडीच्या त्या कंपनीत सगळं होतं. कॉफीचं यंत्र होतं, झाडांच्या कुंड्या होत्या, गळ्यात घालायचं पाहुण्यांचं कार्ड होतं. अंधार नव्हता.

"ब्लॅकआउट? सॉरी मॅम, आपल्याकडे लाईट जातच नाही," इमारतीची व्यवस्था बघणारा शुभंकर म्हणाला. तो पंचविशीचा होता आणि त्याला या गोष्टीचा अभिमान होता. "ग्रिड गेलं की जनरेटर. जनरेटर गेला की दुसरा जनरेटर."

"मग बाण कशाला हवेत?"

"फायरवाल्यांची अट आहे. मस्ट आहे."

बैठकीच्या खोलीला चारी बाजूंनी काच. जिन्यात चोवीस तास दिवे. स्वच्छतागृहात माणूस शिरला की दिवा आपोआप लागायचा. श्रीधर तिथे बराच वेळ पुतळ्यासारखे उभे राहिले, दिवा गेला, त्यांनी आनंदाने हाक मारायला मान वळवली आणि दिवा लागला.

"बटण कुठे आहे?" वासंतीबाईंनी विचारलं.

"बटण नाहीये मॅम. सगळं सिस्टिमवर आहे. अंधार करायचा तर रिक्वेस्ट टाकावी लागेल. दोन वर्किंग डे."

वासंतीबाईंनी बैठकीचं भलंमोठं टेबल पाहिलं. मग भिंतीवर लावलेला कंपनीचा कापडी फलक पाहिला.

"श्रीधर, तो काढा. टेबलावर टाका, चारी बाजूंनी जमिनीला टेकला पाहिजे. शुभंकर, बूट काढून आत या."

"टेबलाखाली?"

"दोन वर्किंग डेपेक्षा जवळ आहे."

अंधार, टेबलाखालचा

तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसले. वासंतीबाईंनी बशीवरचा कागद काढला.

पूड उजळली. सोसायटीची हळद आणि कांताबाईंची गुलाबी रांगोळी मिसळूनही उजळली. थोडी मंद, पण ठाम. शुभंकरचा चेहरा हिरवा झाला.  श्रीधरनी अंधारात बोटं एकमेकांत गुंतवली.

"मॅम," शुभंकर हळूच म्हणाला, "हे सुपर्ब आहे. रिअली. वायर नाही, बॅटरी नाही. मी आजच अप्रूव्हलला टाकतो."

श्रीधरचं डोकं आनंदाने टेबलाला आपटलं.

"फक्त एक छोटी रिक्वायरमेंट आहे."

"बोला."

"हे ऑफ कसं करायचं?"



"ऑफ?" वासंतीबाई म्हणाल्या.

"म्हणजे रात्री बिल्डिंगमध्ये काही चालू दिसलं तर सिक्युरिटी रिपोर्ट करते. एनर्जी सेव्हिंगची पॉलिसी आहे."

"अहो, पण हे वीज खातच नाही."

"खात नाही, पण दिसतं ना मॅम. पॉलिसी दिसण्यावर आहे. ऑन-ऑफ झालं तर प्रोजेक्ट नक्की. आम्ही थांबू. कितीही."

श्रीधर वासंतीबाईंच्या कानाशी वाकले. "बाई, वीज गेली की लागणारा, नको तेव्हा बंद होणारा उजेड... अहो, तो कंदील झाला."

वासंतीबाईंनी बशीतल्या हिरव्या उजेडाकडे पाहिलं.

"कितीही थांबाल?"

"हो मॅम."

"आणि तोवर प्रकल्प चालू आहे, म्हणजे भट्टी आमच्याकडेच, असं लेखी द्याल?"

"आजच देतो."

वासंतीबाईंनी पदराने गुडघ्यावरची पूड पुसली आणि अंधारातच विचारलं, "बरं, मग बटण डावीकडे हवं की उजवीकडे?"