धुराचं माप

लेकीच्या, धम्मदीपाच्या, विमानाच्या तिकिटावर दोनशे दहा रुपये जास्तीचे दिसले, तेव्हा इंद्रभान मापाऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे कायचे?"

"धुराचे, बाबा. विमान जेवढा कार्बन सोडते, तेवढा दुसरीकडं कमी करायले. सक्ती नाही, ज्याले वाटते तो भरते."

"सक्ती नाही तं भरले काहून? विमान तं तसंबी उडूनच राह्यलं."

"सगळे असंच म्हनतात, म्हनून तं उडते."

इंद्रभानांनी तीस वर्षं रिसोडला धान्य मोजलं होतं. या धंद्यात पोत्यामागे अर्धा किलो 'कडता' म्हणून कापणारे पुष्कळ. त्यांनी तो कधी कापला नाही. ते आपल्या विषयावर आले. "किती धूर?"

"माह्या एका सीटमागं ऐंशी किलो."

पोरीला बंगळूरच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली याचा त्यांना आनंद होताच. पण तिनं धुराचंही वजन केलं, हे ऐकून त्यांचा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बाजारभर सांगितलं.

"विमानात तं कोनीबी बसते, भाऊ," रामधन हमाल म्हणाला, "पन आपल्या धुराचे पैसे आपून होऊन भरते? अशा पोरीले पोचवायले मी येतो."

नागपूरच्या विमानतळापर्यंत पोचवायला घरच्यांची एक जीप ठरली होती. रामधनचं ऐकून शेजारी तयार झाले, शेजाऱ्यांचं ऐकून इंद्रभानांच्या बायकोचं, लिलाबाईंचं, माहेर. संध्याकाळपर्यंत सत्तावीस माणसं आणि तीन जीपा झाल्या.

धम्मदीपानं वहीवर आकडे मांडले. "एक जीप, जाऊन-येऊन, सव्वा क्विंटल धूर. तीन जीपा..."

"पावनेचार क्विंटल," इंद्रभान सवयीनं बोलून गेले.

"अन् म्या भरले ऐंशी किलोचे."

पोरगी विमानतळाच्या काचेच्या दारातून आत जाताना पाहायची, एवढी एकच हौस इंद्रभानांनी महिनाभर जपली होती. तरी ते उठले आणि, एकाला नेलं अन् दुसऱ्याला नाही असं नको म्हणून, तिन्ही जीपवाल्यांना स्वतःच नाही सांगून आले. ठरलं, की धम्मदीपा एसटीनं एकटी जाईल आणि निरोप रिसोडच्या स्टँडवरच होईल.

"गावभर सांगत फिरले नसते," लिलाबाई म्हणाल्या, "तं जीप एकच राह्यली असती अन् आपून दोघं तिच्यात असतो."



सकाळी स्टँडवर सत्तावीस जण आले. लिलाबाईंनी जवसाच्या चटणीची पुडी दिली, बस सुटली, सगळ्यांनी हात हलवले. नंतर रामधननं माणसं मोजली, तर सव्वीस भरली.

विमानतळाच्या दाराशी धम्मदीपा थांबली आणि मागे वळली. दहा पावलांवर तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस खांबाकडे पाहत उभा होता.

"काढा तो दुपट्टा, बाबा. वाटेत कारंज्याच्या स्टँडवर बशीत फुंकून चहा पेले, तवाच ओळखलं."

इंद्रभानांनी दुपट्टा काढला. "एसटी तं तशीबी चालली होती," ते म्हणाले.

ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. विमानाबद्दलही आपण हेच बोललो होतो, ते इंद्रभानांना हळूहळू आठवलं. त्यांनी बंडीच्या खिशातून पन्नासाची नोट काढून तिच्या हातावर ठेवली.

"माह्या सीटचंबी भरून टाक. माप तूच कर. अन् घरचा मानूस म्हनून कडता कापू नको."