दारूच्या दुकानाशेजारची अंडी

बशीतल्या चहावर पातळ साय धरली होती. काकासाहेबांनी बशी उचलून ओठांपर्यंत नेली, तरी ती सुरकुतली नाही. काही महिन्यांपूर्वी याच हातांतून निम्मा चहा पायजम्यावर सांडायचा. हा फरक घरात एकट्या त्यांच्याच ध्यानात आला होता, कारण दारू सोडल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांगायला तोंडच उरलं नव्हतं. याआधी त्यांनी बऱ्याचदा दारू सोडली होती. एकदा तर देवळाच्या स्पीकरवरून जाहीर करून, आणि त्याच संध्याकाळी स्पीकर उतरवायला आलेल्या माणसांबरोबर ते प्यायला बसले होते. म्हणून या खेपेला आधी सुटू द्यायची आणि मग बोलायचं, असं त्यांनी ठरवलं.

जामखेडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबरोबर आहारही सांगितला होता. दूध, डाळ, मोडाची मटकी, पोटभर भाकरी आणि रोज दोन उकडलेली अंडी. लिव्हर सावरायचं तर अंगाला प्रथिनं हवीत, असं त्या म्हणाल्या. बाकी सगळं घरात होतं. पण त्यांच्या बायकोच्या, रतनबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि अंडं उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. त्यांच्या खर्डा गावात उकडलेली अंडी मिळत ती भीमाच्या गाडीवर, आणि भीमाची गाडी उभी असे देशी दारूच्या दुकानाला खेटून. गिऱ्हाईकच तिथं, त्याला भीमा तरी काय करणार?

त्यामुळे काकासाहेब रोज दिवेलागणीला जुन्याच वाटेनं जुन्याच जागी जात आणि जुन्याच वेळेला परत येत. अंड्याचा वास रतनबाईंना लागू नये म्हणून येताना मूठभर बडीशेप चावत. पिऊन आल्यावरचा तो बडीशेपेचा वास रतनबाईंना संसारभर पाठ होता. त्यातच नवऱ्यानं एका रात्री चौथी भाकरी मागितली आणि तो पिऊनच येतो अशी त्यांची खात्री पटली.

मुलगी धनश्री कर्जतला दिलेली. तिच्या वरातीत काकासाहेब घोड्यापुढं आडवे झाले होते. तेव्हापासून तिच्या सासरी त्यांचं नाव निघत नसे. बाळंतपणही त्यापायी सासरीच झालं. आता नातवाचं बारसं होतं. आबांना आणतेस का, असं धनश्री फोनवर विचारायची आणि रतनबाई ‘बघू’ म्हणायच्या. काकासाहेब भिंतीपलीकडून ते ‘बघू’ ऐकत.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या गोजरबाईंनी येऊन सांगितलं की भाऊजी दुकानापाशीच हायेत. रतनबाईंनी चपला घातल्या.

काकासाहेबांना त्या वळणावरच दिसल्या. हातात सोललेलं दुसरं अंडं होतं. टाकवेना, लपवता येईना. त्यांनी ते अख्खं तोंडात घातलं.

“तोंड उघडा,” रतनबाई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली.

“अवो, उघडा म्हनते ना.”

त्यांनी उघडलं. वास घ्यायला वाकलेल्या रतनबाईंना आत पिवळा बलक दिसला.

“ह्ये काय हाय?”

“अंडं हाय, वैनी,” भीमानं उत्तर दिलं. “डाक्टरनं खायाला सांगितलंय. रोज येत्यात, खात्यात, जात्यात.”

“अन् दारू?”

दुकानाच्या पायरीवर बसलेला एकजण मान न उचलता म्हणाला, “त्येला आमी आता बोलवत बी न्हाई. चांगला मानूस हुता, वाया गेला.”

काकासाहेबांनी पाण्याच्या घोटाबरोबर अंडं कसंबसं खाली ढकललं. “म्या सोडली,” ते म्हणाले. “गनपतीच्या आदीच. सांगून लई येळा सोडली, म्हून ह्या टायमाला न सांगता सोडली.”

“घरात तरी बोलायचं.”

“घरात अंडं चाललं असतं?”

रतनबाईंचा हात माळेवर गेला आणि तिथंच राहिला. नवऱ्यापासून दोन पावलं दूर सरकून त्यांनी पदर नाकाला लावला. अंड्याचा वास त्यांना दारूहून वाईट वाटला असावा. त्या घराच्या दिशेनं वळल्या, थांबल्या.

“घरी गेल्यावर आदी आंगूळ करा, तवर तुळशीला हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “अन् सकाळी लवकर उठा. पयल्या यष्टीनं कर्जतला जायचंय. दोघांनी बी.”