एका खोलीची बोट

आमच्या शेजारच्या तात्यांच्या परसात बोट आहे. म्हणजे बोट नाही, बोटीची आखणी आहे. घराचा पाया आखतात तशी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखलेली, पुढे निमुळती, मागे चपटी. आणि रोज संध्याकाळी मला त्या फक्कीच्या आत खुर्ची टाकून बसावं लागतं. कुठे, तर जळोचीत! इथून समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा दिवस गाडीत मोडतो.

मागे एकदा काकू चहा घेऊन परसात आल्या, तर तात्या केवढ्याने ओरडले, "अगं, पाण्यातनं काय चालत येतीस! मागनं चढ, मागनं!"

काकूंनी कप तिथेच भर समुद्रात ठेवले आणि म्हणाल्या, "आधी मोरीतला नळ फायनल करा. मग बोटीचं बघू."

हा 'फायनल' शब्द तात्यांचाच. मी कॉलेजातून रिटायर होऊन इथे घर बांधलं तेव्हा वाटलं होतं, आता निवांत पेपर वाचावा, झाडांना पाणी घालावं. कसलं काय! सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर तात्या मोबाईल नाचवत कुंपणाशी उभे. "सर, फायनल! घावली बोट!" मी झोपेतच म्हणायचं, "अभिनंदन." दुसऱ्या दिवशी त्याच कुंपणाशी, पडलेल्या आवाजात, "कॅन्सल केली, सर." अशा किती बोटी फायनल झाल्या आणि किती बुडाल्या, मी मोजणं सोडून दिलंय. दमलो हो मी.

त्यांना हवी आहे शिडाची लहान बोट. मोठी नको, दिमाखाची नको. घरची मंडळी बसतील, रात्री झोपतील, आणि मालवणपासून किनाऱ्याकिनाऱ्याने रमतगमत वर येतील, एवढीच. तात्यांचा जन्म सणसरच्या उसात गेला, त्यामुळे बोटीची चौकशीही ते ट्रॅक्टरसारखीच करतात. "मालक, अ‍ॅव्हरेज किती देती?" पलीकडचा माणूस सांगतो, शिडाची आहे, वाऱ्यावर चालते. तात्या फोनवर हात ठेवून मला सांगतात, "वारं फुकट हाय, सर!" मग पुन्हा फोनमध्ये, "बरं, उसाच्या ट्रॉलीवर बसंल का?" माणूस फोन ठेवून देतो. मी पण ठेवला असता.

काकूंचं काय, हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. मोरगावला गणपतीला जायचं म्हटलं तरी काकू एसटीत हातात लिंबू घेऊन बसतात आणि तरी त्यांना मळमळतं. तात्या म्हणतात, "पाण्यावर खड्डं नसत्यात."

आता बोटी कॅन्सल का होतात ते सांगतो, म्हणजे माझ्या वैतागाला थोडा अर्थ येईल. तात्यांना दोन मुलगे. थोरला सुनील सणसरला शेती करतो, धाकटा अनिल इंदापूरला ठिबकचं दुकान चालवतो. वाटणी झाली, मोजणी झाली, आणि बांध कुणाच्या हद्दीत यावरून दोघांचं जे बोलणं बंद झालं ते झालंच. बांध केवढा, तर एक बाई डोक्यावर भारा घेऊन जाईल एवढा. एकाच्या घरी राहिलं तर दुसऱ्याला लागेल, म्हणून तात्या-काकू जळोचीत येऊन राहिले. दिवाळीला थोरला सकाळी येऊन जातो, धाकटा दुपारी. काकू दोनदा पोळ्या लाटतात.

त्यानंतर कधीतरी तात्या मालवणला गेले होते. तिथे बंदरात एक कुटुंब लहानशा शिडाच्या बोटीवर राहत होतं. त्यांच्यातलं कुणीतरी रुसून बोटीच्या टोकाला जाऊन बसलं. थोडा वेळ बसलं, आणि मग आपणच उठून जेवायला आत आलं. तात्यांनी हे बघितलं आणि त्यांचं ठरलं. "सर, बोटीवर माणूस रुसून जाणार कुठं? चौफेर पाणी! गाडी काढून निघून जायची सोयच न्हाय."

म्हणून बोट एका खोलीची हवी. दोन खोल्या दिसल्या की तात्यांचा चेहरा उतरतो. "ही तर पाण्यावरची वाटणी झाली. कॅन्सल." एका बोटीला दोन दारं होती. कॅन्सल. एकीत मधोमध लाकडी पडदी होती. "हितं बी बांध!" कॅन्सल.

अंदाज घ्यायला फक्कीच्या बोटीत मला थोरला केलं जातं आणि पोस्टातून रिटायर झालेल्या जगतापकाकांना धाकटा. गुडघ्याला गुडघा लावून आम्ही बसायचं. तात्या समोर उकिडवे बसून आमच्याकडे टक लावून बघतात. "भांडावं वाटतंय का?"

"मला घरी जावंसं वाटतंय," मी म्हणतो.

"म्हंजी अजून जवळ बसवाय पायजे," तात्या म्हणतात आणि खुर्ची पुढे ढकलतात.

अखेर गेल्या आठवड्यात खरीखुरी बोट निघाली. पुण्याच्या एका गृहस्थांनी हौसेने घेऊन ती इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर ठेवली होती. घरातल्या कुणाला तिच्यात बसायला वेळ नाही, म्हणून विकायची होती. एक खोली, एक दार. तात्यांनी दोन्ही मुलांना फोन केला आणि दोघांनाही तेच सांगितलं, "तू आल्याबिगर फायनल करत न्हाय." दुसराही येणार आहे हे काही सांगितलं नाही.

उजनीच्या काठावर आले दोघं. आपापल्या गाडीपाशी उभे राहिले, एक पाण्याकडे बघत, एक रस्त्याकडे. सुनीलने गाडीची किल्ली खिशातसुद्धा टाकली नव्हती. मला वाटलं, झालं, संपलं. बोटमालक बिचारा समजावत होता, "बोटीच्या पोटाखाली एक फळी आहे. काठाशी पाणी उथळ, तिथे हा दोर ओढून फळी वर घ्यायची. आत खोल गेलं की दोर सोडायचा, फळी खाली जाते." तात्यांनी मान डोलावली. मी आणि तात्या बोटीत चढलो. काकू काठावर लिंबू हुंगत उभ्या. चढल्या नाहीत.

बोट थोडी सरकली आणि गाळात बसली.

मालकांच्या कमरेला दुखण्याचा पट्टा, ते ढकलणार कसले! "अहो, कुणीतरी या!" ते ओरडले. आधी अनिलने पँट दुमडली. ते बघून सुनीलनेही दुमडली. एक या बाजूने, एक त्या बाजूने, गुडघाभर चिखलात. एकाने ढकललं की दुसरा थांबायचा, दुसऱ्याने ढकललं की पहिला. बोट जागच्या जागी गिरकी घेऊ लागली.

"सर, त्यांना म्हणावं, एका टायमाला जोर लावा," अनिल माझ्याकडे बघून म्हणाला.

"सर, त्यांना म्हणावं, मग तसं सांगत जा," सुनील दुसरीकडून म्हणाला.

मी मधे बसून निरोप पोचवत होतो. दोघांमध्ये हातभर बोट, आणि मी पोस्टमन! मग सुनीलचा पाय खोल गेला, तो कलंडला. अनिलने बोट सोडून त्याचा दंड धरला. "दादा, पाय आडवा काढ. सरळ ओढू नगंस, रुतशील."

"व्हय व्हय. धर नीट," सुनील म्हणाला.

काकूंनी काठावर तोंडाला पदर लावला. दोघं आता मागच्या बाजूला आले, खांद्याला खांदा लावून रेटू लागले. "हाण!" "हाण, दादा!" चिखलाने दोघांची तोंडं एकसारखी झालेली. बोट तरी हलेना. मी तात्यांकडे बघितलं. फळीचा तो दोर त्यांच्या मांडीखाली, सैल. फळी सरळ गाळात खाली रुतलेली.

"अहो तात्या, फळी वर घ्या की!" म्हणत मी दोराला हात घातला.

तात्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या, सर," ते अगदी हळू म्हणाले. "लई वर्सांनी एका अंगानं जोर लावत्यात."

मी दोर सोडला, मागे वळलो आणि ओरडलो, "पोरांनो, हलतेय रे! लावा अजून जोर!"