आठवडा सोमवारी सुरू होतो

"रविवारी दिवसभर तू एकाही मेलला उत्तर द्यायचं नाही," टेलरमास्तर जिन्यात म्हणाले. "दिलंस, तर नाटकवाल्यांनी न नेलेला राणीचा तो गुलाबी झगा घालून सोमवारी दूध आणायला जायचं. नाही दिलंस, तर मी जातो."

"लागली पैज!" समोरच्या दारातला खटपट्या म्हणाला. आतून त्याची बायको ओरडली, "मी साक्षीदार!"

हा खटपट्या कॅलेंडरचं एक फुकट सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांपैकी. जगभरची दोन हजार माणसं त्यात हौसेनं डोकं घालायची. त्यांची एक मेलची यादी होती; त्यात एकानं मेल टाकला, की तो सगळ्या दोन हजारांना जायचा. रोजच्या तीनशे मेलांचा निचरा करायचं काम याच्या गळ्यात.

मास्तरांनी पैज लावली होती ती जिंकायलाच. रविवारी सकाळी त्यांनी गुपचूप स्वतःचं नाव त्या यादीत घातलं आणि काडी टाकली : 'आठवडा सोमवारी सुरू होतो. रविवारी म्हणणारे अडाणी.'

दहा वाजेपर्यंत एकशेचाळीस उत्तरं. समोरून खटपट्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. "आता फुटेल," मास्तर खुशीत पुटपुटले.

फुटला नाही. उलट अकराला मास्तरांच्या टाळक्यात उजेड पडला, की यादीत नाव म्हणजे सगळी उत्तरं आपल्यालाही. आणि नेमकी आज एका नवरदेवाची मापं मेलवर यायची होती. मंगळवारी लग्न, कोट अजून कापडात. मापं पाठवून पठ्ठ्या विमानात बसलेला, फोन बंद. शोधायला खाली सरकावं, तर वर आणखी वीस मेल येऊन बसायचे.

वैतागून मास्तरांनी लिहिलं, 'मला यातून काढा.' तेही दोन हजारांना गेलं. असं सगळ्यांना लिहायचं नसतं, हे चाळीस जणांनी समजावलं. सगळ्यांना लिहून. मग साठ जणांनी त्या चाळिसांना झापलं.

चार वाजता मास्तर समोरच्या दारात. "भावा, काढ रे मला."

"आज उत्तरं बंद." खटपट्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. "सोमवारवाले तुम्हीच ना?"

"...मीच."

"वाटलंच. आमच्यातला कुणी हा विषय काढत नाही. नऊ वर्षांपूर्वी निघाला होता, एकाचं ठरलेलं लग्न मोडलं."

"इथंही मोडेल रे! नवरदेव बिनकोटाचा उभा राहील!"

"भावोजी," खटपट्याची बायको म्हणाली, "हरलो म्हणा नि मोकळे व्हा."

"हरलो," मास्तर म्हणाले. खटपट्यानं दोन मिनिटांत त्यांचं नाव उडवलं आणि ढिगातून मापं उपसून दिली.

सोमवारी सकाळी दुधाच्या रांगेत मास्तर उभे. गुलाबी झगा, पायघोळ झालर, कमरेला चमचमती पट्टी. पोरं शिट्ट्या मारत होती, बायका पदरात हसत होत्या. मास्तरांना पत्ताच नव्हता. मान खाली, दोन्ही अंगठे फोनवर.

"काय चाललंय, मास्तर?" मजा बघायला आलेल्या खटपट्यानं विचारलं.

"परत नाव घातलंय," मास्तर मान वर न करता म्हणाले. "सकाळी सहज तुमची साइट उघडली. एक गाढव म्हणतोय, आठवडा बुधवारपासून. त्याला कुणी सांगायचं की नाही?"

"बुधवार? कोण तो?" खटपट्यानंही खिशातून फोन काढला.

रांग दोघांना वळसा घालून पुढे गेली.