सतरा पायऱ्यांचं पाणी

त्या रविवारी आम्ही दाराला आतून कडी लावली आणि मासोळ्यांचं पाणी बदललं. कडी मी लावत असे. लाज मला वाटे, पंचफुलाला नाही.

पंचफुला म्हणजे माझी बायको. ती वर, सतराव्या पायरीवर, पदर खोचून उभी. मी खाली, जिन्याखालच्या ड्रमापाशी, चार पंपांच्या चार बटणांच्या बोर्डासमोर. वरून हुकूम येई, "मिस्त्री, एक नंबर लावा! आता दोन लावा! एक बंद. बंद म्हटलं ना, झोपले का?" तोवर पाचव्या पायरीवरची बादली भरून जिन्यावर धबधबा सुरू झालेला असे. ती हसून म्हणे, "चाळीस वर्सं पाण्याच्या मोटारी चालवल्या म्हणते हा माणूस!"

हे आमचं सोबतीनं केलेलं शेवटचं काम. मंगळवारी तिच्या छातीत कळ आली. ऑटो दवाखान्यापर्यंत पोचायच्या आधीच सारं संपलं.

मी चौथी शिकलेला माणूस. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी काढल्या, बांधल्या, परत सोडल्या. राळेगावच्या आसपास कोणाची मोटर जळाली की आधी माझं नाव निघतं. लिहायचं काम कधी पडलं नाही. पण पंचफुलाबद्दल दुसरं कोण लिहिणार, म्हणून बसलो.

मासोळ्या तिच्या नव्हत्या. वरच्या खोलीत एक बँकेतला भाडेकरू होता. त्याची बदली झाली तेव्हा काचेची पेटी तशीच ठेवून म्हणाला, "काकू, आठ दिवस सांभाळा." तो परत आलाच नाही. पेटी एवढी जड की हलवायची सोय नाही. मग पंचफुलानं खोली भाड्यानं द्यायचंच बंद केलं. कोणी विचारायला आलं की दारातूनच सांगे, "खोली खाली नाही. अकरा जण राह्यतात."

अकराही जणांची तिनं नावं ठेवली होती. एक पिवळी, जाडी मासोळी दिवसभर दगडामागं बसून राही. खायला टाकलं की मात्र सगळ्यांच्या आधी हजर. तिचं नाव तिनं ठेवलं 'मिस्त्री'. पाहुण्यांसमोर सांगे, "हे पाहा आमचे मिस्त्री. काम सांगा, दिसत नाहीत."

पाण्याचं तिचं मोठं कडक होतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात चहा करण्याजोगं तापतं, ते चालत नसे. नळाचं ताजं पाणीही नको, त्याला औषधाचा वास. जिन्याखाली सावलीत ड्रम भरून ठेवायचा आणि पाणी रातभर झोपू द्यायचं. हा तिचा शब्द. मी घाई केली की म्हणे, "अवो, त्याले झोपू द्या. अर्ध्या झोपेतून उठवलं तं तुमीबी चिडता." आणि झोपून उठलेलं पाणी बादलीनं सतरा पायऱ्या वर. दर रविवारी, गुडघ्यांवर हात ठेवत.

मी नुसता पाहत नव्हतो, सल्ले देत होतो. "पंप असा उचलून आणत नसतात. पाणी किती उंच चढवायचं, त्याले हेड म्हणतात, ते मोजा लागते. पाइपाले मोडी, म्हंजे वळणं, किती, ते पाहा लागते." असं मी दोन वर्षं म्हणालो. मध्ये एकदा शेतावरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप लावून पाहिला. पाइप पेटीतून उडाला, नागासारखा नाचला, भिंतीवरचं कॅलेंडर भिजलं, मासोळ्या एका कोपऱ्यात चिकटून बसल्या. पंचफुला ओल्या लुगड्यानं माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आग नव्हती लागली, मिस्त्री."

मग मी नीट निवडून आणायला निघालो. आता जे सांगतो ते मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही.

बसस्टँडजवळ गणेशचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मी गेलो तेव्हा नामदेवभाऊ आणि आणखी दोघं शेतकरी काउंटरशी उभे होते. तिघांच्याही मोटारी मी काढलेल्या. गणेशनं विचारलं, "काका, कायसाठी पाह्यजे पंप?" मासोळ्यांसाठी, एवढंच सांगायचं होतं. पण पन्नास फुटांवरून मोटर ओढणारा माणूस बायकोच्या मासोळ्यांना पाणी पाजतो, हे तालुकाभर होईल असं वाटलं. मी म्हणालो, "कुलरसाठी."

त्यानं कुलरचा पंप दिला. मुठीएवढा. तो काय चढवणार! हे मला दुकानातच माहीत होतं. तरी घेऊन आलो.

ड्रमात सोडला. पाणी पाइपातून पाचव्या पायरीपर्यंत गेलं आणि तिथं थरथरत उभं राहिलं. पंचफुलानं वाकून पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "थकलं वाटते बिचारं."

चार दिवसांनी तिनं तसलेच आणखी तीन पंप कुठूनसे आणले. ड्रमात एक, पाचव्या पायरीवरच्या बादलीत दुसरा, नवव्या पायरीवर तिसरा, तेराव्यावर चौथा. शेवटची बादली ती हातानं पेटीत ओतायची. एवढी सर्कस पाहून मी कपाळाला हात लावला आणि दाराला कडी. तीन पंप कुठून आणले, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर माझाही हिशेब निघाला असता.

ती गेल्यावर सातव्या दिवशी संध्याकाळी गणेश भेटायला आला. मुलगा आत चहा ठेवत होता. आतूनच म्हणाला, "बाबा, त्या मासोळ्या कोणाले तरी देऊन टाकू." गणेश जिन्यावरच्या बादल्यांकडे पाहत होता.

"काका, बोलू का? तुमी पंप नेला, त्याच्या चार दिवसांनी काकू आली होती. म्हणे, याच्यानं पाणी वर जात नाही. मी म्हटलं, काका तं कुलरसाठी म्हणाले. तं हसली. इचारलं, 'दुकानात कोण होतं?' मी म्हटलं, नामदेवभाऊ अन् आणखी दोघं. म्हणे, 'मंग बराबर आहे.'"

मी खाली पाहिलं.

"मी तिले बराबर पंप दाखवला. एका दमात वर नेते असा. हातात घेतला, उलटासुलटा पाह्यला, अन् ठेवून देल्ला. म्हणे, 'त्याइनं आणलेला पंप मी नापास करत नाही. त्या एकट्याले जमत नाही, एवढंच. त्याले तीन सोबती दे.'"

गणेश चहा न घेताच उठला. मी वर गेलो. पाणी गढूळ झालं होतं. 'मिस्त्री' दगडामागं बसली होती. खाली येऊन दिवेलागणीला मी ड्रम भरला आणि झाकण घातलं. पाण्याला झोपायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार सताड उघडं टाकून मी बसस्टँडवर गेलो. बाजाराचा दिवस. दुकानात सात-आठ माणसं, त्यात नामदेवभाऊही. मी म्हणालो, "गणेश, तो एका दमात वर नेणारा पंप काढ."

त्याला सगळं माहीत होतं. तरी त्यानं विचारलं, "काका, कायसाठी पाह्यजे?"

"पंचफुलाच्या मासोळ्याईसाठी," मी म्हणालो. बाहेर चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सतरा पायऱ्या आहेत. पाइपाले दोन मोडी."

नामदेवभाऊ वळले. "मासोळ्या? मिस्त्री, तुमी मासोळ्या पाळता?"

"अकरा आहेत," मी म्हणालो. "त्यातल्या एकीचं नाव मिस्त्री आहे."